आकाशगंगेचे पाणी उकळून प्यावे

मंगळवार पेठेतल्या एका हायस्कुलात पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या शांतिनाथ मास्तरांना, १९८४ साली निवृत्त होण्यापूर्वी, एक जाहीर व्याख्यान द्यायचे होते. तीस वर्षांत विद्यार्थ्यांनी त्यांना एकच प्रश्न विचारला होता : ‘सर, हे परीक्षेला येणार का?’ दुसरा एखादा प्रश्न कानांवर पडावा आणि मगच घरी बसावे, एवढी एकच हौस उरली होती. विषयही जबर होता. उपग्रहावरच्या यंत्राने टिपलेल्या गॅमा किरणांवरून शास्त्रज्ञांनी ओळखले होते, की आपल्या आकाशगंगेत किरणोत्सारी अ‍ॅल्युमिनियम पसरले आहे. मास्तरांनी सरकारी सभागृहासाठी रीतसर अर्ज केला.

आवक कारकून आकाराम यांनी अर्जात ‘गंगा’ वाचले आणि कर्तव्यबुद्धीने कागद पाणीपुरवठा खात्याकडे धाडला. तिथल्या गणपतराव साहेबांनी मास्तरांना बोलावून घेतले.

“मास्तर, ही गंगा कंच्या तालुक्यातनं येती?”

“साहेब, ती आकाशात हाय. ताऱ्यांचा पट्टा.”

“आकाशातनं येतोय त्यो पाऊस. पाऊस म्हंजे पानी, आन् पानी म्हंजे आमचं खातं. किरणोत्सार कवा थांबणार, तेवढं बोला.”

“सात लाख वर्षांनी निम्मा हुईल.”

गणपतरावांनी तत्काळ शेरा मारला : ‘किरणोत्सार निम्मा झाल्यावर अर्जदाराने नव्याने अर्ज करावा. जुना अर्ज ग्राह्य धरला जाणार नाही.’ शिवाय खबरदारी म्हणून चौकाचौकात फलक लावले : ‘अ‍ॅल्युमिनियमचा धोका. आकाशगंगेचे पाणी उकळून प्यावे.’

पेठेने निमूट चुली पेटवल्या. मास्तरांच्या शेजारणीला, झुंबरबाईंना, तेवढ्यात अक्कल सुचली.

“अगं बायांनो, उकळताय कशात? पातेली अ‍ॅल्युमिनियमचीच हायती की!”

दुपारपर्यंत साऱ्या पेठेची पातेली नदीत जाऊन पडली. चार दिवसांनी खात्याचा माणूस पाण्याचा नमुना घ्यायला नदीत उतरला आणि गुडघाभर अ‍ॅल्युमिनियममध्ये रुतला. ‘खात्याचा अंदाज तंतोतंत खरा ठरला,’ असा अहवाल वर गेला. गणपतरावांना बढती मिळाली. आणि संकटाची पहिली सूचना देणारे जागरूक नागरिक म्हणून मास्तरांना सभागृह मिळाले, लाउडस्पीकरसकट.

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. मास्तर तासभर जीव ओतून बोलले आणि घाम पुसत म्हणाले, “आता विचारा. काय बी विचारा.”

झुंबरबाई उठल्या. मास्तरांनी कान टवकारले.

“मास्तर, पितळंचं चालतंय न्हवं? का त्ये बी टाकू?”

मास्तरांना फार वाईट वाटले. पुढच्याच आठवड्यात ते निवृत्त होऊन पेठ वडगावला, आपल्या मूळ गावी गेले.

वाचकहो, झुंबरबाईंना हसू नका. मास्तरांची हौस तुम्हाला पहिल्याच परिच्छेदात सांगितली होती. इथवर आलात, पातेली मोजलीत, साहेबांना नावे ठेवलीत. पण ते अ‍ॅल्युमिनियम आकाशात आले कुठून, हे तुम्ही तरी कुठे विचारलेत?