धोंड्यातली अंगठी

अधिक महिन्यात जावई म्हणजे नारायण, आणि नारायणाचं पोट केवढं हे श्रीगोंद्याकडे कोणी विचारत नाही. पडवीत पाटावर बसलेल्या रविराजच्या ताटात पुरणाचे धोंडे येतच होते, वर तुपाची धार. नाही म्हणावं तर सासूबाईंचा अपमान, हो म्हणावं तर श्वास घ्यायला जागा नाही. शेजारी सासरे भागवतराव मान खाली घालून जेवत होते. सासूबाई भीमाबाई तूप आणायला आत वळल्या आणि रविराजने शेवटचा धोंडा हळूच पडवीच्या कडेला बसलेल्या काळूपुढे टाकला. कुत्र्याने तो न चावताच गिळला.

भीमाबाई बाहेर आल्या नि रिकामं ताट बघून खुलल्या. "संपलं व्हय? मग दावा की अंगठी."

"कसली अंगठी?"

"अवो, एका धोंड्यात सोन्याची अंगठी ठिवली हुती. रीतच हाय आमच्यात."

रविराजने काळूकडे पाहिलं. नारायणाचा घास कुत्र्याला घातला हे कळलं असतं, तर साऱ्या भावकीत त्याची छी-थू झाली असती. "गिळली वाटतं," तो म्हणाला.

घरात एकच धावपळ उडाली. बारावी सायन्सला असलेली मेहुणी दिशा मात्र खुशीत आली. "घाबरू नका दाजी. जठरातल्या आम्लात सोनं विरघळत न्हाई. तिथून लहान आतडं, मग मोठं. जशी गेली तशी येईल."

"कवा?" भीमाबाईंनी विचारलं.

"उद्या, न्हाईतर परवा."

"तवर पाहुणं कुठं जायाचं न्हाईत."

केळी आली, इसबगोल आलं, वर एरंडेल. संध्याकाळी भावकी विचारपूस करायला जमली. "कुठवर आलीया?" एका चुलत सासऱ्याने एसटीची चौकशी करावी तसं विचारलं.

"लहान आतड्यात," दिशाने परस्पर सांगितलं. रविराजची बायको संस्कृती लाजेने आत जाऊन बसली.

रविराजचा जीव काळूत अडकलेला. काळू उठला की हा उठे, काळू बसला की हा बसे. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. सकाळी एरंडेलाने आपलं काम सुरू केलं आणि नेमका त्याच वेळी काळू उसाकडे निघाला. रविराज पोट धरून त्याच्यामागे धावला.

"पाहुणं, संडास हिकडं हाय," भीमाबाई ओरडल्या. तो थांबला नाही.

उसाच्या बांधावर भागवतराव काठी टेकून काळूकडे टक लावून उभे होते. "हळू," ते म्हणाले. "आत्ताच घिरट्या घालायला लागलाय."

रविराज जागीच थबकला. "मामा, तुम्ही पाहिलंत?"

"शेजारीच तर बसल्तो. आन् पोटाला तड लागली की माणूस काय करतो, ते मला ठावं हाय. मलाबी हीच अंगठी मिळाली हुती. माझ्या सासऱ्याचं कुत्रं लई सावकाश हुतं."

काळूने मात्र फार ताटकळवलं नाही. भागवतरावांनी काडीने अंगठी बाजूला काढली, पाटाच्या पाण्यात घासून घासून धुतली आणि जावयाच्या हातावर ठेवली. रविराजला त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं, पण पोटाने वाकू दिलं नाही. तो आधी घराकडे पळाला.

मोकळा होऊन त्याने अंगठी दाखवली तेव्हा सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. भीमाबाईंनी अंगठीकडे पाहिलं, मग दोघा पुरुषांच्या चिखलाने भरलेल्या पायांकडे.

"बरं झालं, पोट मोकळं झालं," त्या शांतपणे म्हणाल्या. त्यांनी दोन पाट मांडले, एक जावयाचा आणि एक नवऱ्याचा. "धोंडं ताजं केल्यात. बसा दोघंबी."

मग त्यांनी आत हाक मारली, "दिशे, आधी काळूला बांध."