डेझीची हजामत

"अगं, तीस वर्षं माणसांची डोकी सांभाळतोय, चार फुलं नाही सांभाळता येणार?" बायकोला बसमध्ये बसवताना सलूनच्या मालकांनी छातीठोकपणे सांगितलं.

बायको तीन दिवसांसाठी बहिणीकडे निघाली होती. परतायच्या दिवशीच सकाळी बागांची स्पर्धा! तिची शास्ता डेझी यंदा पांढरीशुभ्र बहरली होती. शेजारच्या मास्तरीणबाई लागोपाठ दोन वर्षं पहिलं बक्षीस पळवत होत्या, त्यांना हरवायचा बायकोने यंदा चंगच बांधला होता.

"सुकलेली फुलं तेवढी खुडा. बाकी कशाला हात लावू नका!" तिने खिडकीतून तीनदा बजावलं.

दुसऱ्या दिवशी मालकांनी सुकलेली फुलं खुडली. तिथेच थांबले असते तर ही गोष्टच झाली नसती! पण काम झालं की दोन पावलं मागे सरून, मान तिरकी करून बघायची त्यांची जुनी सवय. डावीकडचे दांडे किंचित उंच वाटले. कात्री चालली. मग उजवीकडचे उंच वाटले. तिकडे चालली. मग मधला भाग डोळ्यांत खुपायला लागला. संध्याकाळपर्यंत अख्ख्या वाफ्याचा सोल्जर कट झाला!

"अहो, हे काय केलंत?" मास्तरीणबाई कुंपणावरून किंचाळल्या.

"वाढतील हो!"

"कधी?"

"पंधरवड्यात," मालक सवयीने बोलून गेले आणि त्यांना दरदरून घाम फुटला. स्पर्धा परवावर आली होती!

कापलेली फुलं बादलीत होती, एवढंच नशीब. स्पर्धेच्या सकाळी त्यांनी एकेक दांडी ओल्या मातीत खोचली. फुलं जरा ठेंगणी दिसत होती, पण ओळ कशी सरळ!

बायको आणि परीक्षक फाटकात एकदमच आले.

"कित्ती नीट ठेवलीत हो!" बायकोचा चेहरा खुलला. मालकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

परीक्षकांनी कौतुकाने एक फूल जवळ ओढलं. ते हातातच आलं. दुसरं ओढलं. तेही!

"मुळं कुठायत याची?"

"ती... बाजूला आहेत," मालक पुटपुटले.

बायकोचे डोळे भरून आले. मास्तरीणबाईंना तिसऱ्यांदा पहिलं बक्षीस मिळालं. संध्याकाळी बायको सलूनमध्ये आली, मालकांना त्यांच्याच खुर्चीत बसवलं आणि गळ्याभोवती पांढरं कापड गुंडाळलं.

"अगं, मी मुद्दाम नाही केलं..."

"माहितीये. हलू नका."

कात्री वाजली. ती दोन पावलं मागे सरली, मान तिरकी केली.

"डावीकडे जरा जास्तच राहिलंय!"

सध्या मालक दुकानात टोपी घालून बसतात. पंधरवडा भरायला अजून नऊ दिवस आहेत.