तीन मिनिटांचा डाव आणि पारडू

रेटिंग ८१२. दूध साडेचार लिटर.

मालोजीच्या घरात मोबाइलला रेंज फक्त गोठ्यात यायची, तीही गव्हाणीच्या कठड्यावर उभं राहिलं तर. पोलादपूरच्या वर, डोंगरावरच्या वाडीत एवढं मिळतं हेही पुष्कळ. मुंबईला कुरिअर कंपनीत असलेला मुलगा ऋत्विक रविवारी फोन करायचा आणि बाप म्हशीशेजारी उभा राहून बोलायचा. जेवलास का, पाऊस काय म्हणतोय, ठेवू का. दोन मिनिटांत संपायचं.

गणपतीत ऋत्विक घरी आला आणि चार दिवस गव्हाणीवर उभा राहून ऑनलाइन बुद्धिबळ खेळला. मालोजीने ते त्याच्याकडून शिकून घेतलं. ऋत्विक निघाला तेव्हा मालोजी म्हणाला, "माझ्याशी लाव की एक डाव."

"हजार रेटिंग होऊ दे, आबा. मग लावू. आत्ता हरलात तर उगाच वाईट वाटेल."

रेटिंग ८४०. दूध चार लिटर.

धार काढायच्या आधी पारडू सोडावं लागतं. ते सडाला लागलं की म्हैस पान्हा सोडते. मग दोन मिनिटांत पारडू ओढून बांधायचं आणि बादली घेऊन बसायचं. ही दोन मिनिटं आजवर रिकामी जात होती. मालोजी त्यात तीन मिनिटांचा डाव बसवू लागला. तीन मिनिटं त्याची आणि तीन समोरच्याची, हा हिशेब पारड्याला लवकर कळला.

रेटिंग ८९६. दूध अडीच लिटर.

मालोजी सुधारत होता. सुरुवातीच्या आठ खेळी तो रोज त्याच खेळायचा, म्हणजे विचारात वेळ जात नसे. किल्लेकोट लवकर करायचा. फुकट दिसणारं प्यादं लगेच खायचं नाही. घड्याळाकडे बघायचं नाही.

"दूध कमी आलंय," बायको रंजिता म्हणाली.

"वैरण बदलली ना."

"वैरण तीच हाय. चंद्राबाई परवा गोठ्यात डोकावली आनी म्हनली, म्हस काय तुकतुकीत झालीय गो. तिचीच नजर."

चंद्राबाई शेजारीण. त्या दिवसापासून तिच्याकडे जाणारं ताक बंद झालं.

रेटिंग ८९१. दूध अडीच लिटर.

एक डाव हरला.

रेटिंग ९५२. दूध दीड लिटर.

पोलादपूरहून गुरांचे डॉक्टर आले. त्यांनी कास तपासली, डोळे पाहिले, ताप पाहिला.

"म्हशीला काहीही झालेलं नाही. पारड्याला हगवण आहे, पण अंगाने फारच भरलंय हो. काय घालता त्याला?"

"काय नाय," मालोजी म्हणाला. त्याने खरंच स्वतःहून काही घातलं नव्हतं.

"म्हस आटली," डॉक्टर गेल्यावर रंजिताने निकाल दिला. "तुडीलच्या श्रीपतदाजींना सांगितलंय. उद्या सकाळची धार बघतील आनी नेतील."

"एवढी घाई कशाला?"

"मग काय तिला बसवून चारायची?"

रेटिंग ९९४. दूध बघायचं होतं.

श्रीपत उजाडताच आला आणि धार डोळ्यांनी बघायला गोठ्यात उभा राहिला. म्हशींच्या व्यवहारात त्याचे केस पांढरे झाले होते. रंजिता आत चहा टाकत होती. नीट धार काढावी तर श्रीपत भरली बादली बघून चांगला भाव देणार आणि म्हैस नेणार. ती गेली की मालोजीला दोन वेळा इथे उभं राहायला निमित्त उरणार नाही. आणि हजाराला एकच डाव कमी होता.

त्याने पारडू सोडलं आणि गव्हाणीवर चढला.

"पान्हा सुटला. पारडू बांधा," श्रीपत म्हणाला.

"बांधतो."

"अवो, पारडू."

"दोन मिन्टं, दाजी."

श्रीपत मागून फोनमध्ये डोकावला. "तो घोडा फुकट मिळतोय की."

"दिसतोय. घेतला तर तिकडून मात हाय."

"मग हत्ती सरकवा."

"सरकवला."

"आता बसतो गपचीप," म्हणून श्रीपत पालथ्या पाटीवर बसला, पण बोलायचा थांबला नाही. घड्याळात चार सेकंद असताना समोरच्याचा राजा कोपऱ्यात मेला.

रेटिंग १००२. दूध पाव लिटर.

श्रीपत बाहेर आला, चहा घेतला. "वहिनी, म्हस आटलीच हाय. पन आटलेल्या भावात देत असाल तर आत्ता नेतो. दोर बरोबर आनलाय."

रंजिताने कपबशी खाली ठेवली. आटलेल्या म्हशीसाठी दोर बरोबर आणून घाई करणारा माणूस तिने पाहिला नव्हता. ती उठून गोठ्यात गेली. पारड्याच्या तोंडाला कानापर्यंत दुधाचा फेस होता. गव्हाणीवर नवरा ऋत्विकला मेसेज लिहीत होता.

ती बाहेर आली.

"म्हस विकायची नाय, दाजी."

"मी म्हनलंच होतं, चांगली हाय," श्रीपत म्हणाला आणि दोर घेऊन गेला.

मालोजीला ती एवढंच म्हणाली, "उद्यापासून धार मी काढीन. आनी चंद्राबाईकडे ताक तुम्ही नेऊन द्यायचं. का ते तुम्हीच सांगायचं."

रेटिंग १००२. दूध साडेचार लिटर.

रविवारी रंजिता धार काढत असताना ऋत्विकचा फोन आला.

"झाले की हो हजार. लावतो, आबा. तीस मिनिटांचा."

"तीन मिन्टांचा लाव ना. माझी सवय तीच हाय."

"तीन मिनिटांत बोलणार काय? फोन स्पीकरवर ठेवा, बोलत खेळू."

मालोजीने आठ खेळी दहा सेकंदांत केल्या. ऋत्विक नोकरीचं सांगत होता, खोलीवर नवीन आलेल्या पोराचं सांगत होता. मालोजी सवयीने घड्याळाशी भांडत होता. त्याच्या घड्याळातली चार मिनिटं जाईपर्यंत त्याचा वजीर गेला आणि मागोमाग राजा.

"आबा, तुमची अजून सव्वीस मिनिटं शिल्लक आहेत."

"राहू दे."

"मग आईला द्या फोन."

रंजिताने बादली झाकली, हात पुसले आणि गव्हाणीवर चढली. मायलेक सव्वीस मिनिटं बोलले. मालोजी खाली बसून ऐकत होता. त्यातली वीस मिनिटं त्याच्याबद्दलच होती, आणि त्यात चांगलं असं फारसं काही नव्हतं. तरी तो जागचा हलला नाही.