काळ्या चौकटीतला स्तामेन

"काका, तुम्ही कुणाला दिसतच नाही हो," रोजगार कार्यालयातली रादोस्तिना म्हणाली, तेव्हा स्तामेन गेर्गोव तिच्या समोरच बसला होता. "तुम्ही काम शोधताय हे गावाला कळायला नको? फोटो टाका, चार गुण लिहा आणि लोक वाचतात तिथं लावा."

पोरगी मनापासून बोलत होती. डबाबंद भाज्यांचा कारखाना बंद पडल्यापासून स्तामेनसाठी तिने जंग जंग पछाडलं होतं. स्तामेनने उभा जन्म बॉयलर सांभाळण्यात घालवलेला. पण 'मला काम द्या' म्हणायची वेळ आली की त्याची जीभ टाळ्याला चिकटायची. थंडीपर्यंत काही जमलं नाही तर जर्मनीतल्या मेव्हण्याच्या ओळखीने गोदामात खोकी उचलायला जाणं भाग होतं, आणि त्याची बायको त्सोन्का इथे एकटी राहणार होती. तो विषय निघाला की दोघंही जेवणाकडे बघत.

गावात छपाईचं दुकान एकच, मित्कोचं. कुणी गेलं की त्याचा फोटो, नाव आणि चार चांगले शब्द छापून खांबाखांबावर चिकटवायचे, आणि त्या कागदांवर मित्कोचं घर चालायचं.

"ही काळी चौकट कशाला रे?" स्तामेनने विचारलं.

"ती काढली की फोटो हलतो. आणि रंगीत शाई संपलीय."

फोटो भाचीच्या लग्नातला होता, पण स्तामेनचा चेहरा लग्नातही सुतकीच असायचा. त्याखाली ठळक अक्षरांत होतं: मेहनती, प्रामाणिक, निर्व्यसनी. घरी येऊन भेटावे. 'कामाच्या शोधात' हे शब्द मात्र अगदी तळाशी, मुंगीएवढे. मोठ्या अक्षरांत मागायची त्याला लाज वाटली होती.

शनिवारी सकाळी त्याने गावभर कागद लावले, एक स्वतःच्या फाटकावरही लावला, आणि शेजारच्या गावी लाकडाच्या वखारीत काम विचारायला गेला. तिथे दारापाशी घुटमळला आणि काही न विचारताच परत आला.

संध्याकाळी गल्लीत वळतो तर घरासमोर काळ्या कपड्यांतली माणसं! म्हाताऱ्या येवदाच्या हातात मयताच्या नावाने वाटायच्या उकडलेल्या गव्हाचं भांडं. शाळेच्या मोठ्या बाई, दिमोवाबाई, चार कार्नेशनची फुलं घेऊन उभ्या. जिवंत माणसाला समसंख्येत फुलं कुणी देत नाही. स्तामेनच्या डोळ्यांसमोर त्सोन्का आली. सकाळीच तो त्सोन्काशी कॉफीवरून भांडून निघाला होता. घराचं दार बंद होतं.

त्याला पुढे जाववेना. सगळ्यात मागे येवदा होती. "आजी, कोण गेलं?" त्याने कसंबसं विचारलं.

"आपला स्तामेन रे," मागे न बघता ती म्हणाली. "देव त्याला क्षमा करो. त्सोन्का बिचारी दारसुद्धा उघडत नाही."

स्तामेनच्या जिवात जीव आला. त्सोन्का आहे! आपण गेलो याचं वाईट त्याला जरा उशिराच वाटलं.

"माझी शेगडी किती वेळा नीट करून दिली त्यानं," कुणीतरी म्हणत होतं.

"शाळेचा बॉयलर बंद पडलाय, पोरं कोट घालून बसतात," दिमोवाबाईंनी डोळे पुसले. "मला वाटलं, हा कधीच जर्मनीला गेला. इथं आहे असं कळतं ना, तर त्याच दिवशी कामावर ठेवला असता. देवाशपथ ठेवला असता!"

स्तामेनची जीभ सवयीने टाळ्याला चिकटली. मग त्याच्या मनात आलं, आता मेल्यावर कसली लाज?

"बाई, सोमवारपासून आलो तर चालेल का?"

येवदाच्या हातून भांडं पडलं आणि गल्लीभर गहू झाला. लोक छातीवर क्रुसाची खूण करत मागे सरले. तेवढ्यात मागच्या दाराने बाजारात गेलेली त्सोन्का कांद्याच्या पातीची पिशवी घेऊन आली.

"अगं बाई, कोण गेलं?"

सगळ्यांनी तिच्या नवऱ्याकडे बोट दाखवलं. तिने फाटकावरचा कागद वाचला.

"निर्व्यसनी?" ती म्हणाली. "हे कोणी लिहिलं?"

दिमोवाबाई फाटकाला धरून उभ्या होत्या. तशाच त्या म्हणाल्या, "मयताला दिलेला शब्द आहे, मला मोडता येणार नाही. सोमवारी या. पण आधी ते कागद काढा, पोरं भितील." फुलांचं काय करावं ते न सुचून त्यांनी ती त्सोन्काच्या हातात कोंबली.

रात्रीच्या जेवणाआधी त्सोन्का चष्मा लावून तो कागद पुन्हा वाचत बसली. तळाशी आल्यावर थांबली.

"इतकं बारीक का लिहिलंस रे?"

"लाज वाटली."

डोळे पुसून तिने पेल्यात पाणी भरलं, चारातलं एक फूल काढून त्याच्या कोटाला खोचलं आणि उरलेली तीन पेल्यात ठेवली.