गोरखटेकच्या दूध सोसायटीचे कुलूप सर केले त्याची हकिकत

श्री. शालिवाहन शके १९०९, प्रभवनाम संवत्सर, फाल्गुन मासी, बालाघाटावरी पाटोदे तालुकियात मौजे गोरखटेक येथे जे महत्कृत्य जाहले, ते पुढिलांस ठाऊक असावे म्हणोन यथास्थित लिहिले आहे. वाचणाराने चित्त देऊन वाचावे, हसू आलिया हसावे, परंतु श्रम थोडे झाले ऐसे म्हणो नये.

ते साली पर्जन्याने दगा दिला. उसाचे फड वाळले आणि कारखान्यांचा हंगाम अर्ध्यातच आटोपला, मग कोयत्याच्या टोळ्या दोन महिने आधीच माघारी आल्या आणि तरणीताठी पोरे पारावर रिकामी बसोन राहिली. आईबापांमागे फडोफडी हिंडता त्यांची शाळा केव्हाच सुटलेली. ऐशा बावीस मुलामुलींची सरलष्कर मालनबाई. बाई बौद्धवाड्यातील, वय वर्षे तीस, सात गावांच्या युवा मंडळांची सेविका. पायी फिरोन एकेक मंडळ उभे केले. बहात्तरच्या दुष्काळी खुद्द बाईंची शाळा सोडवोन त्यांस खडी फोडावयास लाविले होते, ते शल्य उरी होते.

तो तालुकियाचे साहेबांचे फर्मान आले की, सोमवारी सात शिलाई यंत्रे आणि पाण्याच्या जळक्या मोटारी भरणे, म्हणजे त्यांत नवी तार गुंडाळणे, शिकवावयाचे सामान येईल, परंतु छपराची, कुलुपाची जागा पाहिजे; नसलिया वर्ग बीड मुक्कामी जाईल. हे ऐकोन छबू नामे मुलीचे तीर्थरूप कचरू बोलिले, "रोज येष्टीनं बीडला? न्हाई जमायचं. त्यापरीस सोयरीक बघतो." छबूचे वय सोळा. मालनबाई तैशाच जागेच्या शोधास निघाल्या.

गावी जागा एकच, दूध सोसायटीचा हॉल. गुरे छावणीस गेली, दूध आटले आणि हॉलास कुलूप पडले. किल्लेदार चेअरमन सुंदरराव, धिप्पाड गृहस्थ, आवाज ऐसा की बैल बुजावा. बाईंनी वकिली केली. प्रथम जाब आला की ठराव लागतो. मग जाब आला की ठरावास मीटिंग लागते. तिसरे खेपेस बाई जातीने वाड्यावर गेल्या, तो सुंदररावांचे कुटुंब सुंदरबाई दारी येऊन म्हणाल्या, "मालक पाटोद्याला गेलेत." आणि आतून चेअरमनांचा खोकला स्पष्ट ऐकू आला. बाई तैशाच माघारी फिरल्या.

रविवार उजाडला. बाईंनी मसलत करोन फौजेनिशी सोसायटीवर चाल केली, हत्यारे खराटे आणि घमेली, आणि आवार झाडावयाचा तडाखा लाविला. वर्दी लागताच सुंदरराव धावत आले आणि गर्जले, "कुणाच्या हुकमानं रं?" पोरे थबकली. परंतु बाईंनी पाहिले की गडी कुलुपाकडे नजर देत नाही. राग आहे, पण डोळ्यांत भय आहे. मग बाईंनी त्यांस लिंबाखाली एकीकडे घेऊन हळूच पुसिले,

"चेअरमन साहेब, खरं सांगा. किल्ली हाय का?"

सुंदरराव उपड्या दुधाच्या कॅनवर मटकन बसले.

"पोळ्यापासून हरवलीय. लई हुडकली. आता लोक म्हणतील, ज्याला किल्ली सांभाळता येईना, तो सोसायटी काय सांभाळणार?"

"मग कुलूप तोडावं की."

"तोडलं की समद्यांना कळलंच."

बाईंस हसू आले, ते त्यांनी गिळिले. माणसाची इभ्रत ती इभ्रत. त्यांनी सुग्रीव नामे एकोणीस वर्षांचा गडी बोलाविला. आठवीतून सुटलेला, बोलणे कमी, परंतु अवघ्या टोळीचे कोयते तोच परजीत असे आणि लोखंडावर हात मोठा हलका. दुपारी गाव पाण्याच्या टँकरवर लोटला, ते संधीस सुग्रीवाने पत्र्याचा तुकडा आणि कानस घेऊन मोर्चा लाविला. पहिली किल्ली आत शिरेना. दुसरी आतच मोडली. ती चिमट्याने काढिली. तिसरी सुग्रीवाने घास घास घासोन, कुलुपास कान लावोन, फिरविली. खट् ऐसा नाद जाहला. सुंदररावांनी उपरण्याने डोळे पुसिले आणि किल्ली खिशात घातली.

सोमवारी जीप आली. चेअरमन कडक इस्त्रीत, हलगी लाविलेली, अवघा गाव जमा. सुंदररावांनी कुलूप उघडिले, आणि आत आंबूस वासाचा तो हॉल पाहोन साहेब संतोषोन बोलिले की, दुष्काळातही आपण संस्था जिवापाड जपली, धन्य आहे आपली. टाळ्या पडल्या. सुंदररावांनी मान डोलाविली, मग डोलवितां डोलवितां थांबविली.

"साहेब, एक मिनिट. किल्ली मी हरवली व्हती. ही त्या पोरानं केलीय, कानशीनं. मी पोळ्यापासून तोंड लपवून बसलतो."

प्रथम हसल्या त्या सुंदरबाई, पदर तोंडाशी धरोन, आणि त्यांमागे अवघा गाव, सुंदररावही हसले. त्या हास्यात कोणी त्यांस उणे बोलिले नाही. कचरूही कडेस उभे होते, ते पुढे होऊन म्हणाले, "वर्ग गावातच हाय, तर छबूचं लिहा."

येणेप्रमाणे कुलूप फत्ते जाहले. बावीस नावे दाखल झाली, मुली नऊ, मुलगे तेरा. फौजेची हानी शून्य, खराटे दोन मोडले. अर्ज भरितां 'धंदा' या रकान्याशी सुग्रीवाची लेखणी अडली. त्याने 'ऊसतोड' यातील 'ऊ' लिहिला आणि बाईंकडे पाहिले. बाई म्हणाल्या, "खोड ते. कारागीर लिही." त्याने लिहिले. वेलांटी चुकली, ती कोणी दुरुस्त केली नाही.