आधी सबनीसांना सांगा

सबनीसांनी बिनसाखरेचा चहा मागवला की आमच्या डिस्पॅच खात्यात माना खाली जायच्या.

त्यांना मधुमेह नव्हता. एरवी ते गोड चहात आणखी साखर घालून घेत आणि बशीत सांडलेला चहासुद्धा सोडत नसत. बिनसाखरेचा चहा हा निषेध होता. कोणाच्या तरी घरची बातमी सबनीसांना आधी कळली नाही, परस्पर दुसऱ्याच कोणाकडून कळली, असा त्याचा अर्थ. कँटीनचा चहा साखर घालूनच उकळलेला असे. त्यामुळे सबनीसांसाठी वेगळं भांडं चढवावं लागे, आणि कँटीनवाले अण्णा त्यांच्या टेबलावर कप ठेवताना आमच्याकडे बघून विचारत, "आज किसका नंबर?"

ज्याचा नंबर असेल तो मुकाट्याने उठून सबनीसांच्या टेबलाशी जाई.

ठाण्यात वागळे इस्टेटमध्ये आमचा पंपांचा कारखाना. ऐंशीच्या आसपास मी डिस्पॅचला लागलो तेव्हा सबनीस तिथले जुने झाले होते. उंच, किडकिडीत माणूस. पांढरा हाफशर्ट आणि खिशात कंगवा, जरी विंचरण्यासारखं काही उरलेलं नव्हतं. लग्न केलेलं नव्हतं. नौपाड्यात थोरल्या बहिणीबरोबर राहतात, एवढंच आम्हाला ठाऊक. पहिल्या दिवशी मस्टरवर सही करताना हेडक्लार्कनी मला दोनच गोष्टी समजावल्या. एक, जेवणाची सुट्टी कधी होते. आणि दुसरी, "घरात काही बरंवाईट घडलं तर आधी सबनीसांना सांगा. नंतर साहेबांना."

मला वाटलं, थट्टा करतायत.

मग बाळकुमच्या नाखव्याला जुळं झालं. नाखवा आमच्यातला हसतमुख गडी, घरचा धंदा मासेमारीचा. हॉस्पिटलातून थेट कामावर आला, तर उशीर का म्हणून गेटवर वॉचमनने अडवलं. त्याने खरं ते सांगून टाकलं. वॉचमनने ते स्टोअरला सांगितलं, आणि स्टोअरवाला सबनीसांना म्हणाला, "पेढे कधी?" नाखवा खात्यात पोचेपर्यंत बिनसाखरेचा चहा येऊन ठेपलेला.

"अवो सायेब, त्यानं इचारलं म्हून बोललो," नाखवा अजीजीने म्हणाला. "मी तुमालाच सांगाया येत व्हतो."

"आम्हाला कशाला सांगताय," सबनीस खिडकीकडे बघत म्हणाले. "आम्ही कोण?"

"आता काय करू, बोला."

सबनीसांनी विचार केला. "बाहेर जा. दारातून परत आत ये. आणि नव्याने सांग."

नाखवा बाहेर गेला. आत आला. म्हणाला, "सबनीस सायेब, जुळं झालं, दोन्ही पोरी."

आणि सबनीस खुर्चीतून उठले. अक्षरशः उठले. "काय सांगतोस!" असं म्हणताना त्यांचा आवाज फाटला. त्यांनी नाखव्याला मिठी मारली, बाळंतिणीला कसं आहे विचारलं, वजनं विचारली, थोरली कोण आणि धाकटी कोण हे विचारलं. ही बातमी त्यांना आधीच कळली होती, हे आम्ही सगळे जाणून होतो. तरी नाखव्याच्या डोळ्यांत पाणी आलं. हॉस्पिटलात त्याच्या घरच्यांनी म्हणे दोन्ही मुली म्हटल्यावर नुसतं "असू दे" म्हटलं होतं.

इथून माझं पोट दुखायला लागलं.

म्हणजे असं बघा, मीही काही वाईट माणूस नाही. माझं टेबल सबनीसांच्या टेबलाला लागून. मीही लोकांची विचारपूस करतो, निदान मला तरी तसं वाटतं. पण कोणाचं लग्न ठरलं, कोणाच्या मुलाला डिप्लोमाला जागा मिळाली, कोणी डोंबिवलीत ब्लॉक बुक केला, की माणूस माझ्या टेबलाला वळसा घालून सबनीसांकडे जायचा. आयुष्यात एकदा तरी कोणीतरी आपल्यालाच आधी येऊन सांगावं, अशी माझी माफक इच्छा. ती काही पुरी व्हायची लक्षणं नव्हती. माझ्या वाट्याला बातमी यायची ती टेबलांच्या फटीतून.

परक्यांचं सोडा. खात्यातला एकुलता एक फोन सबनीसांच्या टेबलावर. त्यामुळे माझ्या घरच्या बातम्यासुद्धा त्यांनाच आधी कळत. डोंबिवलीत आमच्या शेजारच्या जोशांकडे फोन होता, तिथून आमची शैला ऑफिसात फोन करायची. मी दोन हातांच्या अंतरावर बसलेला असायचो, पण तेवढ्या वेळात ती सगळं सबनीसांना सांगून मोकळी. आमची गौरी जन्मली तेव्हा माझ्या सासूबाईंनी फोन केला. सबनीसांनी रिसीव्हर ठेवला, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि भरल्या गळ्याने म्हणाले, "लिमये, तू बाप झालास."

मी म्हटलं, "बरं."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मुलगी त्यांची आणि मी स्टोअरवाला.

एकदा मी शैलाला म्हणालो, "मला बोलवून दे, एवढंच सांगत जा ना त्यांना. सगळं पुराण कशाला?"

"तुम्हाला सांगून काय होतं?" ती कणीक मळता मळता म्हणाली. "तुम्ही बरं म्हणता आणि पेपर उघडता. सबनीस भावोजी म्हणतात, काय सांगता वहिनी! मग मलाही वाटतं, की आपल्याकडे काहीतरी घडलंय."

"मीही म्हणेन."

"म्हणा बघू."

मी म्हणून दाखवलं. ती इतकी हसली की शेजारून जोशीकाकू बघायला आल्या.

सबनीसांचंही कधी चुकायचं. टायपिंगच्या कुलकर्णीबाईंना दिवस गेले. खात्याच्या शिस्तीप्रमाणे त्यांनी आधी सबनीसांना सांगितलं. त्याच रविवारी आमच्याकडे सत्यनारायण, सगळं खातं घरच्यांसकट बोलावलेलं. सबनीस डोंबिवलीला आले आणि तीर्थ घेता घेता कुलकर्णीबाईंच्या सासूबाईंना म्हणाले, "अभिनंदन! आता आजी होणार."

सासूबाईंना कोणी सांगितलेलंच नव्हतं.

प्रसादाचा द्रोण त्यांच्या हातात तसाच राहिला. कुलकर्णीबाई भिंतीला टेकल्या. सबनीस पांढरेफटक पडले. बातमी दुसऱ्याकडून कळण्याचं दुःख त्या खोलीत त्यांच्याइतकं कोणालाच कळत नव्हतं. त्यांनी वाकून सासूबाईंच्या पायाला हात लावला आणि म्हणाले, "चूक माझी. मुलीला बोलू नका." सोमवारी त्यांनी अण्णांकडून बिनसाखरेचा चहा मागवला. अण्णांनी विचारलं, "किसका नंबर?" तर म्हणाले, "मेरा."

मी मनातून खूश होतो, हे वेगळं सांगायला नको.

नव्वदीनंतर कंपनीला सुधारणेचा झटका आला. टाय लावलेले एक गृहस्थ मुंबईहून आले. कामाच्या ठिकाणचे मानवी संबंध समजून घ्यायचे, असा विषय. त्यांनी फळ्यावर आमच्या सगळ्यांच्या नावांची वर्तुळं काढली आणि म्हणाले, "आपल्या बाबतीत काही घडलं तर इथे सगळ्यात आधी कोणाला सांगाल? एकेकाने यायचं, आपल्या वर्तुळापासून त्या माणसापर्यंत बाण काढायचा."

सबनीसांच्या वर्तुळाचं साळिंदर झालं. माझ्याकडे एकही बाण नव्हता. मी चिडून माझा बाण नाखव्याकडे काढला. नाखवा बिचारा गोंधळून स्वतःकडे बोट दाखवत म्हणाला, "मना?"

शेवटी सबनीसांची पाळी. खडू घेऊन ते फळ्यापुढे उभे राहिले. माझं वर्तुळ त्यांच्या अगदी शेजारी होतं, वीतभरदेखील लांब नाही. इतकी वर्षं टेबलाला टेबल लावून बसलेलो. मी खुर्ची जरा पुढे ओढली.

त्यांनी बोटांवरचा खडू झटकला. "माझ्याकडे काय घडायचंय?" म्हणाले आणि जागेवर येऊन बसले.

सगळे हसले. टायवाल्यांनी त्यावर बरंच इंग्रजी ऐकवलं. माझा बाण नाखव्याकडे गेला म्हणून त्या आठवड्यात सबनीसांनी माझ्या नावाने बिनसाखरेचा चहा प्याला, पण मीही उठून त्यांच्या टेबलाशी गेलो नाही. मलाही माझा मान होता.

मग फोन आले. प्रत्येकाच्या टेबलावर वेगळा. मला वाटलं, संपलं सबनीसांचं राज्य. एका अर्थाने ते संपलंही. माणसं आपापल्या रिसीव्हरमध्ये कुजबुजून हसायला लागली, रडायला लागली. सबनीसांना बातम्या चौथ्या-पाचव्या हाताने कळू लागल्या. शैला मात्र अजून त्यांचाच नंबर फिरवायची. "पाठ झालाय हो तो," म्हणायची. पण ती एकटीच.

गंमत म्हणजे सबनीस रुसले नाहीत. मुकाट्याने सगळ्यांसारखा गोड चहा घ्यायचे. कुलकर्णीबाईंनी घर बदललं, ते त्यांना वास्तुशांत होऊन गेल्यावर कळलं. तरी साखर चालूच. अण्णा माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "साब की तबीयत ठीक नहीं क्या?" जिंकल्याचा आनंद व्हायला हवा होता. तो झाला नाही म्हणून मी आणखीच वैतागलो.

एकदा सबनीस दोन-तीन दिवस आलेच नाहीत. डबा खाताना नाखवा म्हणाला, "त्यांच्या अक्काला सिविलला ठेवलं व्हतं ना. काल घरी नेलं."

माझा घास हातातच राहिला. "तुला कोणी सांगितलं?"

"कोन सांगल? माजा मामा तितंच व्हता, म्हून दिसले."

"तुला दिसले. मला एक फोन केला नाही. टेबलावर फोन आहे माझ्या."

"तू असा काय बोलतंस," नाखवा म्हणाला, "सबनीस सायबासारका?"

संध्याकाळी मी तणतणत नौपाड्यात गेलो. पहिल्यांदाच. ते आमच्या घरी कितीदा आलेले, पण त्यांनी आम्हाला कधी बोलावलं नव्हतं. दोन खोल्या, दुसरा मजला. बाहेरच्या खोलीत खिडकीशी पलंग आणि त्यावर अक्का. लहानखुऱ्या, पांढऱ्या केसांच्या. हॉस्पिटलपूर्वीही बरीच वर्षं त्या पलंगावरच असाव्यात, हे खोली बघून कळत होतं. सबनीस मला बघून गडबडले, चहा टाकतो म्हणून आत गेले.

"लिमये ना तू?" अक्का म्हणाल्या. "शैलाचा. गौरीच्या दातांना तार लावली ना? दुखतं का तिला फार?"

"थोडं," मी म्हटलं. मग त्यांनी नाखव्याच्या जुळ्यांपैकी कोणती डावरी आहे ते विचारलं, कुलकर्णीबाईंच्या सासूबाईंचा गुडघा विचारला. आमचं अख्खं खातं त्या पलंगावर राहत होतं.

"सगळं सांगायचा मला," त्या म्हणाल्या. "आला की चपला काढायच्या आत सुरू. आमच्या मागे दुसरं कोणी नाही रे. हा लहान असल्यापासून मीच. मला एकच घोर, माझ्यामागे याचं कसं? कोणाला धरून राहील? मी विचारायची, ही बातमी तुला उडत उडत कळली, की त्याने येऊन सांगितली? तर म्हणायचा, नाही अक्का, आधी मलाच येऊन सांगितलं. मला झोप लागायची." त्यांनी दाराकडे पाहिलं आणि आवाज उतरवला. "हल्ली काही सांगत नाही. माणसं तुटली का त्याची? खरं सांग."

"छे हो अक्का. कामं वाढलीत. माणसं आहेत ती आहेतच."

"ती याला सांगतात. हा कोणाला सांगतो?"

आत कपबशांचा आवाज येत होता, तो थांबला.

"मला," मी म्हटलं.

"मला हॉस्पिटलात नेलं, ते तुला ठाऊक होतं?"

"हो तर. फोन केला होता ना त्यांनी. सगळ्यात आधी मलाच."

"मग बरं," अक्का म्हणाल्या आणि उशीवर जरा सैल झाल्या.

सबनीस चहा घेऊन आले. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही. आम्ही तिघांनी चहा घेतला आणि मी अक्कांना ऑफिसातल्या चार गोष्टी सांगितल्या, जमतील तशा. त्या हसल्या.

निघालो तेव्हा सबनीस जिन्यापर्यंत आले. कठड्याला हात लावून उभे राहिले. खाली कोणीतरी सायकल लावत होतं. तो माणूस आत जाईपर्यंत ते थांबले.

"डॉक्टर म्हणाले, दिवाळी बघणार नाही," ते म्हणाले. "तिला सांगितलेलं नाही. कोणालाच नाही."

मी त्यांच्या मनगटावर हात ठेवला. मग आतून अक्कांनी हाक मारली आणि ते गेले.

घरी आलो तर शैला पानं घेत होती. "सबनीस भावोजींकडे गेलेलात ना? नाखवा भावोजींचा फोन आलेला जोशांकडे. कशा आहेत अक्का? काय म्हणाले भावोजी?"

"आहेत. काही विशेष नाही म्हणाले," मी म्हटलं, आणि हात धुवायला मोरीत गेलो. नळ सोडला, आणि ती पुन्हा हाक मारेपर्यंत तसाच चालू ठेवला.