भात खाल्लेली कोंबडी

बऱ्याच वर्षांपूर्वी ऐकलेला एक आवाज माझ्या कानात अजून आहे. भाताच्या पातेल्यावर झाकण ठेवल्याचा. माझ्या बायकोने, एम्पियांगने, ते आपटलं असतं तर मी निर्धास्त झालो असतो. आपटलेल्या झाकणाचा राग दुपारपर्यंत उतरतो. पण त्या सकाळी तिने ते अगदी हळू ठेवलं. नुसतं टिक झालं.

त्या दिवशी माझ्या भाच्याची, लांगाईची, नवरी आणायला आमच्या लांबघरातून, म्हणजे अख्खं गाव एका छपराखाली राहतं त्या घरातून, होडी निघायची होती. नवरीच्या घरी आमच्या बाजूने चार शब्द बोलायला जुनं माणूस लागतं. जुने आम्ही दोघेच उरलेलो, त्यातला दुसरा ठार बहिरा. म्हणून मी. (मला शाळा फारशी नाही आणि बोलायला वेळ लागतो. माझा विचार नदीच्या पलीकडच्या काठाला असतो, तिथून तो पोहत येतो.)

एम्पियांगने पहाटे उठून नारळाच्या दुधातला चिकट भात केला होता, खास मला आवडतो म्हणून. वाढता वाढता म्हणाली, "जरा भरभर बोला तिथं. तुमचं पहिलं वाक्य संपेस्तोवर नवरीला नातवंडं होतील."

लांबघराच्या भिंती पातळ. या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळी बिऱ्हाडं हसली. मीही हसलो. मग थोड्या वेळाने मला राग आला. (राग यायलाही मला वेळ लागतो, तोवर बाकीचे हसून मोकळे झालेले असतात.) मला भूक नाही म्हणालो आणि उठलो. टिक.

तिचे गुडघे दुखत असल्याने ती येणार नव्हतीच. मी डोक्यावर पिसांचा टोप चढवून होडीत जाऊन बसलो.

पहिलं वळण गेल्यावर लांगाईने सहज विचारलं, मामा, खाऊन निघालात ना. मी म्हटलं, वाढलं होतं, खाल्लं नाही.

"बोट तरी लावलंत?"

मी उत्तर जुळवत होतो. तेवढ्या वेळात सगळ्यांना उत्तर कळलं. होडीवाल्या मावानने यंत्र बंद केलं.

पुढ्यात आलेलं अन्न नको असेल तर खाऊ नये, पण बोट लावून ते ओठाला टेकवल्याशिवाय उठू नये. नाहीतर पुनी लागते, आणि पुनी लागलेल्या माणसाला साप हुडकत येतो, पाण्यात असला तर मगर. होडीतली सगळी माणसं माझ्यापासून दूर पलीकडच्या कडेला सरकली. त्याने होडी कलंडायला आली आणि मगरीचं काम आम्हीच करणार होतो, पण मावानने अर्ध्यांना ओरडून परत पाठवलं. परत आलेले माझ्याकडे असे बघत बसले, जणू मीच मगर आहे.

मावान म्हणाला, मगर काय नाव विचारून पाय धरते का, मागे फिरू या. लांगाई रडकुंडीला आला. नदीचं पाणी उतरत होतं, उशीर झाला तर सासुरवाडीचे रुसणार. मला मात्र मगरीची काळजी नव्हती. घरी बायको रुसलेली ठेवून दुसऱ्याच्या संसाराबद्दल चांगलं कोणत्या तोंडाने बोलायचं, ही होती.

परत आलो तर एम्पियांग शिडीच्या पायरीवर बसलेली. लांगाईने भात मागितला. ती म्हणाली, "कोंबड्यांना घातला. त्या तांबडीला."

वऱ्हाडाने तिथंच सभा भरवली. भात कोंबडीत, तेव्हा कोंबडीला बोट लावलं की भाताला लागलंच, असं ठरलं. मग घराखालच्या खांबांमधून तांबडी पुढे, मी मागे, माझ्यामागे नवरदेव. माझा पिसांचा टोप पाहून तिला वाटलं असावं की कुठला तरी म्हातारा कोंबडा तिला मागणी घालायला आलाय. ती जिवाच्या आकांताने पळाली. मी डुकरांच्या चिखलात दोनदा बसलो. शेवटी ती दमली म्हणून सापडली. (मी आधीच दमलो होतो, पण मला ते उशिरा कळलं.)

तिला काखेत धरून मी बोट लावणार, तोच एम्पियांग पुटपुटली, "कोंबड्यांना कोण घालतंय असला भात."

"मग कुठाय?" मावानने विचारलं.

"मी खाल्ला. सगळा." तिने मान वळवली. "रागात भूक लागते माणसाला."

मग मावानने खाकरून निकाल दिला: कोंबडीला जो नियम, तोच आजीला.

इतक्या वर्षांच्या संसारात मी चारचौघांत तिचा हातसुद्धा धरला नव्हता. आता अख्खं वऱ्हाड माना पुढे काढून उभं. मी चिखलाचं बोट धोतराला पुसलं, तिच्या गालाला टेकवलं आणि आपल्या ओठाला लावलं.

काहीतरी बोलायला हवं होतं. मी विचाराची वाट पाहिली. वऱ्हाडानेही पाहिली. अखेर तो काठाला लागला.

"छान झालाय," मी म्हणालो. "जरा मीठ कमी आहे."

एम्पियांगने माझ्याकडे बराच वेळ बघितलं. तिचा ओठ हलल्यासारखा वाटला, पण खात्री नाही. मग माझ्या काखेत मी अजून आवळून धरलेली तांबडी तिने सोडवून घेतली, तिची पिसं नीट केली, आणि शिडी चढून आत निघून गेली.